कात्री कशासाठी होती

पोलीस ठाण्यातल्या मुंशीनं, म्हणजे लिखापढी करणाऱ्या हवालदारानं, माझ्या गळ्यातली टेप मागून घेतली आणि त्याच टेपनं माझी कात्री मोजली.

कात्री टेबलावर होती. काळ्या मुठीची, शिवणाची. एका पात्याला रक्त लागलेलं. त्यानं टेपचं टोक पात्याच्या टोकाला लावलं, अंगठा सरकवत मुठीपर्यंत नेला, परत एकदा मोजलं. कागदावर आकडा लिहिला. आकड्यापुढं लिहिलं, धारदार हथियार. मी समोर उभी होते. अक्षरं उलटी दिसत होती, तरी वाचता आली.

मग टेप गुंडाळता गुंडाळता त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "अब इसका भी नाप ले लें?"

दोन शिपाई हसले. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, हसले नाहीत. पण त्याला गप्पही केलं नाही. त्यांच्या समोरच्या खुर्चीत एक माणूस चहा पीत बसला होता. तो कपात बघून बारीकसा हसला. त्याच्या कमरेला पिस्तूल होतं. चामड्याच्या कव्हरात, सदऱ्याखालून अर्धं बाहेर आलेलं. त्याचं लायसन्स होतं. ते कुणी मोजलं नाही.

मला कुणी पकडून आणलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण नंतर ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. मी माझ्या पायांनी ठाण्यात गेले होते. तक्रार द्यायला.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. गोंदियाकडचं गाव सोडून रायपूरला आले आणि रुळांवरच त्यांचं आयुष्य गेलं. ते वारले तेव्हा क्वार्टर सुटलं. मी आणि माय पुरानी बस्तीत एका खोलीत राहायला आलो. मी शिवण शिकले होते. तात्यापारा मोहल्ल्यात लेडीज टेलरिंगचं एक दुकान होतं, तिथं कटिंगला लागले.

दुकान काकूंचं. त्यांचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. गावात मान. काकूंचे यजमान ठेकेदार, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. ठाण्यात चहा पीत बसलेला माणूस तो हाच.

मला वाटलं होतं, मराठी माणसांचं दुकान आहे, आपलं वाटेल. पहिल्याच दिवशी काकूंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. मी "मले" म्हटलं की त्या हसायच्या, गिऱ्हाइकांना ऐकवायच्या. आणि घरच्या बायकांचं माप त्यांनी मला कधी घेऊ दिलं नाही. नमुन्याला जुना ब्लाउज यायचा. दुकानात कुणी जुन्या घरची बाई आली की टेप काकू स्वतः हातात घ्यायच्या आणि मी बाजूला उभी राहून आकडे टिपून घ्यायची. माझ्या हातचा कपडा चालत होता. हात चालत नव्हता.

मी काम करत राहिले. पाच वर्षं राहिले.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि दुकानाचं नशीब फिरलं. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या. रोज कुठं ना कुठं समारंभ. भाऊसाहेबांना रस्त्यांचे, बिल्डिंगींचे ठेके मिळाले. दुकानाला काच लागली. भाऊसाहेबांच्या कमरेला पिस्तूल आलं ते तेव्हाच. धंदा वाढला, जिवाला धोका आहे, असं लिहून दिलं आणि लायसन्स मिळालं, असं काकू कौतुकानं सांगायच्या.

त्यांचा एक मुलगा होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. आधी तो दुकानात येऊन नुसता बसायचा. मग मी घरी निघाले की मोटरसायकल मागं यायची. बूढ़ापाऱ्यात तलावाच्या बाजूनं एक अरुंद बोळ आहे, तिथून मला जावं लागायचं. तिथं तो गाडी आडवी लावायचा. सुरुवातीला बोलायचा. मग ओढणी धरायला लागला. एकदा मनगट असं पिरगाळलं की आठवडाभर उजव्या हातानं कापड कापता येईना.

मी काकूंना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मुलगा मस्करी करत असेल, तू रस्ता बदल. दुसरा रस्ता मोठ्या चौकातून होता. तिथंही तो आला.

मायला सांगितलं तर ती रडली आधी. मग तिनं मिरचीपुडीची पुडी बांधून दिली. ती पुडी मी एकदा वापरली. ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. हात वर केला आणि तलावाकडून वारा आला. सगळी मिरची माझ्याच डोळ्यात. मी बोळात बसून डोळे चोळत होते आणि तो हसत होता. मग मी छत्री ठेवली. छत्री त्यानं हिसकून घेतली, मोडली आणि परत हातात दिली. सेफ्टी पिन बोटांत धरून चालले. माझंच बोट टोचलं. बायका सांगतात ना एकमेकींना, हे ठेव, ते ठेव. सांगणं सोपं असतं. अंगावर माणूस आला की हाताला काही सुचत नाही.

कात्री माझ्या पिशवीत रोज असायची. कटिंग करणारी बाई आपली कात्री दुकानात ठेवत नाही. कुणी तिच्यानं कागद कापला तर धार जाते. म्हणून मी ती फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायची, टिफिनच्या खाली. मनगट पिरगाळलं त्या दिवसानंतर मी फडकं काढून टाकलं. कात्री टिफिनच्या वर आली.

एवढंच केलं मी. याहून जास्त काही ठरवलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी एका बाईंचा ब्लाउज फिटिंगला न्यायचा होता. टेप गळ्यातच राहिली होती. बोळात ऊन होतं, माणूस नव्हता. तो आला. गाडीवरून उतरला आणि ह्या खेपेला एक शब्द बोलला नाही. सरळ दोन्ही खांदे धरून मला भिंतीला लावलं. पाठ घासली गेली. मी ओरडले तर तोंडावर हात.

पिशवीत हात गेला. कात्री निघाली.

मी शूर नव्हते. कात्रीच्या मुठीत बोटं नीट गेली नाहीत, अंगठा अडकला. ती कापड कापायला बनलेली आहे, माणसासमोर कशी धरायची ते मला माहीत नव्हतं. मी ती नुसती पुढं धरली. त्यानं हिसकायला पातं पकडलं, मी मागं ओढलं. त्याचा तळहात फाटला. त्याच्यासोबत अजून एक जण असता तर तीच कात्री माझ्या पोटात गेली असती.

रक्त बघून तो ओरडला. आता माणसं आली. मी ओरडले तेव्हा नव्हती आली. त्यांनी त्याचा हात पाहिला, माझ्या हातातली कात्री पाहिली. माझी पाठ कुणी पाहिली नाही. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी ठाण्याकडं चालायला लागले. कात्री हातातच होती, पिशवीत टाकायचंही सुचलं नाही.

ठाण्यात मी सगळं सांगितलं. मुंशी ऐकत होता, लिहीत नव्हता. मग फोन आला. मग भाऊसाहेब आले. त्यांना खुर्ची दिली. त्यानंतर मुंशीनं कागद घेतला आणि लिहायला लागला. माझं नाही. त्यांचं.

त्यानं मला एकच गोष्ट परत परत विचारली. कात्री कशासाठी ठेवली होतीस? मी म्हटलं, शिवणासाठी. मग हातात कशी आली? मी म्हटलं, त्यानं धरलं म्हणून. म्हणजे मारायला ठेवली होतीस? मी म्हटलं, नाही, वाचायला. तो टीआय साहेबांकडं बघून म्हणाला, "सर, मान गई. हथियार के इरादे से रखी थी."

वाचायला म्हटलं आणि ते हत्यार झालं.

मग टेप. मग ते नाप घेण्याचं बोलणं. मी ओढणी पुढं ओढून घेतली, एवढंच.

मायला कुणीतरी कळवलं होतं. ती आली. काकूही आल्या. एक कागद तयार झाला. त्यात लिहिलं होतं की माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी विनाकारण हल्ला केला, मुलाचा काही दोष नाही, मी माफी मागते. सही केली की प्रकरण मिटलं. काकू माझ्याशी गोड बोलल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुकानातून काढणार नाही म्हणाल्या.

माय भाऊसाहेबांचे पाय धरायला वाकली. माझ्यासमोर. त्या फरशीवर. त्यांनी पाय मागं घेतले, लांब. तिला तेवढंही शिवू दिलं नाही. ती तशीच रिकाम्या फरशीवर हात टेकून राहिली आणि मान वळवून मला म्हणाली, "करून टाक सही, पोट्टी. आपल्याले इथंच राहाचं आहे."

मुंशीनं पेन पुढं केलं. मी घेतलंही. कागद वाचला. डोकं ठिकाणावर नव्हतं, ह्या शब्दांपाशी थांबले. आयुष्यात एकदा, एकाच दिवशी माझं डोकं ठिकाणावर आलं होतं, आणि ते नव्हतं असं मलाच लिहून द्यायला सांगत होते.

मी पेन ठेवलं. म्हटलं, "मी सही करणार नाही."

मराठीतच म्हटलं. मुंशीला ते कळलं.

मी मायला उठवलं. तिनं माझा हात झटकला. पुढं बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

केस माझ्यावर झाली. माझी तक्रार साध्या कागदावर घेतली, तिचं पुढं काही झालं नाही. घरमालक जमानत राहिले म्हणून संध्याकाळच्या आत सोडलं. त्यांनीच पुढच्या महिन्यात खोली खाली करायला सांगितलं. दुकान गेलं. तात्यापाऱ्यात दुसऱ्या कुणी ठेवलं नाही. कात्री जप्तीत गेली, ती अजून ठाण्याच्या मालखान्यात आहे. गंजली असेल.

वकील मिळाले ते म्हातारे आहेत, नागपूरकडचे, भले माणूस. त्यांनी मला कायदा समजावला. शिवणाची कात्री धंद्याचं सामान आहे, ती जवळ ठेवणं गुन्हा नाही. अंगावर कुणी आलं तर स्वतःला वाचवायचा हक्कही कायद्यात आहे. मी म्हटलं, मग केस कसली? ते म्हणाले, हक्क आहे, पण तो तुला सिद्ध करावा लागेल. बोळात साक्षीदार नव्हता. तुझ्या पाठीवरचं खरचटलेलं डॉक्टरनं बघितलं नाही. त्याच्या हाताला टाके आहेत, त्याचा कागद आहे.

मग त्यांनी शिकवलं. कोर्टात एवढंच म्हणायचं, कात्री शिवणाची होती, झटापटीत चुकून लागली. फडकं काढल्याचं बोलायचं नाही. वर ठेवल्याचं बोलायचं नाही. "स्वतःसाठी ठेवली होती हे शब्द तोंडातून काढू नकोस, बाई. तिथंच अडकशील."

मी मान हलवली. तारखांमागून तारखा गेल्या. तिसरं वर्ष आहे. मी घरी फॉल-पिको करते. माय आता बोलते, पण कोर्टाचं नाव काढू देत नाही. त्या मुलाचं लग्न झालं. मी बाहेर जाते तेव्हा पिशवीत काही ठेवत नाही. नेलकटरसुद्धा नाही. मागं मोटरसायकलचा आवाज आला की भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि ती जाईपर्यंत श्वास घेत नाही. हे कुणाला सांगू? स्वतःला वाचवायला दोन हात आहेत ना, असं लोक म्हणतात. ते तर तेव्हाही होते.

आता पुढच्या तारखेला माझं बयान आहे. जज साहेब मला विचारतील, म्हणून वकिलांनी माझ्याकडून उत्तर परत एकदा पाठ करून घेतलं. घरी येऊन मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. चुकून लागली. चुकून लागली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ध्यानात आलं, हा तोच कागद आहे. ठाण्यातला. शब्द बदललेत, आणि देणारा माणूस चांगला आहे, एवढाच फरक.

काल वकिलांकडं गेले आणि सांगितलं की मी हे म्हणणार नाही. ते म्हणाले, शिक्षा होऊ शकते. मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी विचारलं, मग काय मिळेल तुला? काही मिळणार नाही. मायला सांगितलं तेव्हा तिनं ताट सरकवून दिलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

तरी मी जाणार आहे. मला विचारलं की सांगणार आहे, कात्री शिवणाची होती. आणि फडकं मी काढलं होतं, माझ्या हातानं, माझ्यासाठी. मला जगायचं होतं म्हणून ती वर ठेवली होती. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहा.