धुऱ्यावरचा राक्षस

आमच्या सिहोऱ्याच्या शेतात धान रोवायला येणारी ती बाई मला दरवर्षी ठार मारते. बाकीच्या बाया रोवताना गाणी म्हणतात, ही कमरेत वाकून गोष्ट सांगते. गावाने हाकललेल्या पोरींची. एक तिरळी, एक सहा बोटांची, एक नुसतीच तोंडाळ. जंगलातली म्हातारी त्यांना तलवार शिकवते आणि त्या राक्षसावर चालून जातात. राक्षसाचं पोट सुटलेलं असतं, हातात काळी छत्री असते. छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तसा मी एकटाच उभा असतो.

गोष्ट रंगात आली की ती मुद्दाम आवाज उतरवते. मग मागे पडलेल्या पोरी ऐकायला भराभर रोवत येतात. माझं काम लवकर उरकतं, म्हणून मीही मरण सोसतो.

यंदा सासरच्यांनी परत धाडलेली एक पोरगी रोवणीला आली. रांगेत तिच्या दोन्ही बाजूंना जागा सुटली. गोष्टवाली सरळ तिच्या शेजारी जाऊन वाकली.

"फौज तुयीच वाट पाहून राहिली होती. सेनापतीच नव्हता. तो पाह्य, धुऱ्यावर उभा राक्षस. कसा मारशीन त्याले?"

पोरगी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. तिने मला छत्रीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"याले तलवार कायले पायजे? ढकला चिखलात!"

बाया हसून हसून चिखलातच बसल्या. मी छत्री मिटली आणि मुकाट्याने मेलो.