शाल्मलीच्या गाडीचं नाक

सुश्रुत गद्रे म्हणजे आमच्या शेजारचा भुलीचा डॉक्टर. बर्मिंगहॅममध्ये त्याची सगळी नोकरी लोकांना झोपवण्यात गेली. वजन केल्याशिवाय औषध नाही, हा त्याचा नेम. पेशंटनं तोंडी सांगितलेलं वजन तो मानायचाच नाही. लोक वयात आणि वजनात हमखास थापा मारतात, म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर तो लेकीच्या नादाला लागला. इतरांच्या मुली मंडळात नाच बसवतात, याची शाल्मली ड्रॅग रेस करायची. सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैल, की संपलं. आठवडाभर ती त्याच जुन्या गाडीनं कामाला जायची आणि रविवारी तीच शर्यतीत पळवायची. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण चहा मिळायचा म्हणून मी त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसे.

त्या गाडीचं दुखणं एकच, पुढच्या स्प्रिंग फार कडक. सुटताना नाक वर उचललं की भार मागच्या चाकांवर जातो आणि ती रस्ता धरतात. हिचं नाक उचलायचंच नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरायची, धूर निघायचा आणि शाल्मली हरायची. फार मऊ स्प्रिंग घ्यावी, तर रोजच्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी नाक खुपसणार. नेमकी मधली निवडायची, तर ड्रायव्हरला सीटवर बसवून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे आणि पुढे किती भार येतो ते बघायचं.

शाल्मली तेव्हा हॉस्पिटलात होती. कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. सुश्रुतनं तिच्या जागी तांदळाच्या आणि कणकेच्या पिशव्या रचल्या, वरून सीटबेल्ट लावला. भरती किती, तर दुखण्याआधीच्या तिच्या वजनाची. त्याची बायको सुप्रभा ते बघून आत निघून गेली. मला मात्र त्याचा रागच आला. डॉक्टर माणूस, सगळे रिपोर्ट वाचलेले, आणि कणकेला बेल्ट बांधतो.

उपचार थांबवून शाल्मलीला घरी आणलं. वॉकर धरून ती गॅरेजमध्ये आली आणि त्या पिशव्यांकडे बघत राहिली.

"बाबा, हे मी आहे का?"

थोडी ताकद आली की तूच बसशील, तोवर आपलं तात्पुरतं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"मी आता चालवणार नाही. तू बस. खरा वजन घे," ती तिच्या बर्मिंगहॅमी मराठीत म्हणाली. "आत बसून मला नाक कधी दिसलाच नसता. या वेळी बाहेरून बघायचाय. जस्ट वन्स."

सुश्रुत बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. मग एकेक पिशवी उतरवून तो स्वतः सीटवर बसला. काट्यांवरचे आकडे मी वाचून दाखवले. त्यावरून बेताच्या मऊ स्प्रिंग मागवल्या, आणि त्या बसवताना तो उघड उघड रडत होता.

शर्यतीच्या दिवशी शाल्मलीला व्हीलचेअरवर कुंपणाशी बसवलं. वेदना सोसवेनात म्हणून तिथे पोचल्यावर औषधाचा जादा डोस द्यावा लागला; तो सुश्रुतनंच मोजून दिला आणि मग जाऊन गाडीत बसला. हिरवा दिवा लागला. गाडीनं असं नाक उचललं, की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. मी हर्षानं शाल्मलीकडे वळलो. तिची मान कलली होती. ती गाढ झोपली होती.

गाडी लावून सुश्रुत धावतच आला. चाहूल लागून तिनं डोळे उघडले.

"दिसलं का गं?"

"हो बाबा. मस्त उचलला."

जीभ जड झालेली, डोळ्यांवर अजून झापड. औषधाची झोप जन्मभर पाहिलेल्या माणसाला ती कळणार नाही होय? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तो तिच्यासमोर ओल्या गवतात बसला, आणि दिवा कसा लागला, नाक कसं वर गेलं, मागच्या चाकांनी रस्ता कसा धरला, ते सगळं तिला पहिल्यापासून सांगू लागला.