कलमकाकांचा साधा कागद

चहा गार मिळाला तरी कलमकाकांना कायद्याचं एखादं कलम आठवायचं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या दाराआड एकटे राहत. मूळचे मालवणकडचे, अंधेरीच्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. लिफ्ट बंद पडली की बाकीचे शिव्या घालत, काका अर्ज लिहीत.

दोन-तीन वर्षांतून एकदा मात्र त्यांचं मन भलतंच सुसाट सुटे. झोप नाही, जेवण नाही, जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सल्ले. मग इस्पितळ. पूर्वी त्यांचा भाऊ "लग्नाला जाऊया" अशी थाप मारून न्यायचा. काका चांगले कपडे घालून निघायचे आणि थेट वॉर्डात पोचायचे. "डोकं फिरलं तरी मान असतो गो माणसाला," हे ते मला कितीदा तरी म्हणाले असतील.

त्यामुळे मानसिक आरोग्याचा नवा कायदा आल्यावर स्वारी भलतीच खूश. बरं असताना उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवता येतं, आपल्या वतीने बोलणारं माणूस आपणच निवडता येतं, तेही साध्या कागदावर! काकांनी भावाला वगळून मला निवडलं. कागदावर मोत्यासारखं अक्षर: थाप मारू नये. चष्मा काढून घेऊ नये. सकाळी कोरा चहा द्यावा. तीन रात्री झोप नसेल, तर मी कितीही नाही म्हटलं तरी दाखल करावं.

"तेव्हा माझा ऐकू नको, कागदाचा ऐक," काका म्हणाले. मी हसून हो म्हटलं.

वर्षभराने काकांची झोप पुन्हा उडाली. चौथ्या दिवशी सकाळी ते गच्चीच्या कठड्यावर उभे राहून सोसायटीचा नवा नकाशा समजावत होते, तेव्हा हसू पळालं. वॉचमनने आणि मी त्यांना कसंबसं उतरवलं. "काका, इस्पितळात जायचंय," मी सरळ सांगितलं. तिथे दाखल करण्याच्या अर्जावर, त्यांनी निवडलेलं माणूस म्हणून, माझी सही हवी होती.

"सही केलीस तर तोंड बघणार नाही तुझं! अपील करीन!"

"करा. फॉर्म मी आणून देते."

सही केली. आत जाताना काकांनी वळून पाहिलं, तेव्हा मी बाकावर एकटीच बसले होते. घरी येऊन खूप रडले.

काका तीन आठवड्यांनी परतले. अपील खरंच केलं होतं, हरलेही होते. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी दार वाजवून त्यांनी कागद मागितला. "दुरुस्ती आहे," एवढंच म्हणाले.

यंदा काका हृदयविकाराने गेले. कागद आता कुणाच्याच उपयोगाचा नाही, तरी मी जपून ठेवलाय. त्यातली शेवटची ओळ वेगळ्या शाईत आहे: सही करणाऱ्या मुलीला त्या दिवशी एकटं सोडू नये. तिलाही चहा द्यावा.