पुढच्या दोन दातांसाठी

द्राहोमीराबाई आमच्या मोराव्हियातल्या गावच्या संगीतशाळेत एकतीस वर्षं हॉर्न शिकवत होत्या, म्हणजे ते गोल वेटोळ्याचं पितळी फुंकवाद्य. मी त्याच शाळेच्या दाराशी चाव्या सांभाळते. त्या वर्षी हॉर्नला पाचच मुलं उरली होती. सहावं मिळालं नाही तर वर्ग बंद, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं.

जूनमध्ये एक दिवस नव्या मुलांना सगळी वाद्यं हाताळू देतात. सात वर्षांची अपोलेना हॉर्नला चिकटूनच बसली. बाई म्हणाल्या, "आ कर बघू."

पुढचे दोन्ही दात पडलेले.

"पक्के दात आले की ये हं, बाळा. आत्ता फुंकलंस तर ओठांना वाकडी सवय लागेल, ती मग जात नाही."

"अहो बाई, नाव तरी लिहून घ्या," मुख्याध्यापक कुजबुजले. "दात काय, येतीलच की!"

"मग तेव्हाच लिहू."

"तोवर तुमचा वर्ग राहील का?"

बाईंनी हॉर्न पुसून पेटीत ठेवलं. अपोलेनाच्या आईने तिचं नाव व्हायोलिनला घातलं.

वर्ग बंद झाल्याचं पत्र बाईंनी माझ्याच टेबलाशी उभ्याने वाचलं आणि सही केली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"बाई, बसता का जरा? फार वाईट वाटतंय का?"

"काहीच वाटत नाही गं," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या गावच्या संगीतशाळेकडे, जिथे हॉर्न शिकवतात, दुपारी बस किती वाजता जाते, ते त्यांनी मला विचारलं, आणि पाची मुलांसाठी पाच चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं.