डोहात मुरत घातलेली नाव

उन्हाळ्यात नाव बुडवून ठेवायची असते, हे मी नांदेडात कुणाला सांगितलं की हसतात. हसू नका हो. वैशाखाच्या उन्हात लाकूड वाळतं, फळ्यांच्या सांधी उघडतात. म्हणून नावेत दगड भरायचे आणि ती डोहात बसवायची. आमचे अण्णा दरसाल बसवायचे. वडलांना आम्ही अण्णाच म्हणतो. बुडवताना तिच्या काठावर थाप मारून म्हणायचे, "नीज बाई. मिरगाला उठवतो." चपला काढल्याशिवाय त्यांनी तिच्यात कधी पाय ठेवला नाही.

आमचं निम्मं रान गोदावरीच्या पल्याड. पुलावरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून ती नाव.

मग वाळूवाले आले. लोखंडी बोटी, वर इंजिन, नदीच्या तळातून वाळू ओढायची. काठ ढासळायला लागला. आमच्या बांधावरचा लिंब एका पावसाळ्यात उभाच्या उभा पाण्यात गेला. अण्णांनी तहसिलात तक्रार दिली. आई म्हणाली, "पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करू नये." अण्णा भडकले, "रान चाललंय माझं नदीत आन् मी गप बसू?"

मे महिन्यात तहसिलाचं पथक आलं. मी सुट्टीला माहेरी होते. बोटी आदल्या दिवशीच गायब झालेल्या. पथक निघायच्या आधी खबर कशी निघते, ते मला विचारू नका. अण्णांना मात्र कोण आनंद! साहेबांना चहा पाजला, पुढं होऊन स्वतः डोह दाखवला. एका शिपायानं पाण्यात बांबू खुपसला. ठक्क.

साहेबांचा चेहरा फुलला. वाळूवालेही पथकाची चाहूल लागली की बोट बुडवून ठेवतात, पथक गेलं की वर काढतात. ते साहेबांना माहीत होतं. आमचं माहीत नव्हतं.

"साहेब, ही आमची हाय. लाकडाची हाय, मुरत घातलीया. इंजिन कुठं हाय, दावा की!"

"काका, सगळे हेच सांगतात. बाजूला व्हा."

मी भांडले. चांगली तोंड सोडून भांडले. सरकारी कामात अडथळा आणू नका मॅडम, असं ऐकवलं मला. मग त्यांनी नाव उडवायला जिलेटिनच्या कांड्या लावल्या. पाणी झाडाएवढं उडालं आणि खाली आलं ते फळ्या आणि मेलेले मासे घेऊन. रिकाम्या हातानं परतायची वेळ टळली त्यांची, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो होता. अण्णा दोन फळ्या घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत.

त्या साली पेरणी वळसा घालूनच झाली. सोयाबीन कापून पल्याड ढीग लावला आणि आभाळ आलं. वरच्या धरणाचं पाणी सुटलं, पुलाकडचा रस्ता बुडाला. ढिगावर ताडपत्री नव्हती. वर्षाचं पीक समोर दिसत होतं आणि जाता येत नव्हतं. मी फोन आला तशी नांदेडवरून निघून आले होते, पण मी काय करणार? मी नुसती आईशेजारी उभी.

नदीत एकच बोट होती. लोखंडी. चालवणारा गावचाच, माझ्याहून लहान. त्यानं ती आपणहून काठाला लावली. "चला अण्णा, सोडतो. गावचाच हाय की मी."

अण्णांनी आईकडं बघितलं. आईच्या डोक्यावर ताडपत्री होती.

अण्णा पुढं झाले आणि सवयीनं त्यांनी चपला काढल्या.

"ऱ्हाऊ द्या की पायात, अण्णा," तो हसत म्हणाला, "वाळूची बोट हाय, चालतंय."

अण्णांनी चपला परत घातल्या नाहीत. मांडीवर धरून बसले, पार पलीकडं जाईस्तोवर. ढासळलेल्या काठाला बोट लागली, तिथं लिंबाची मुळं अजून लोंबत होती. उतरल्यावर अण्णा वळले आणि त्यांनी त्या पोराला हात जोडले.