तात्यांच्या नावाची नळी

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, देवापुढंही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या — पण सांगणार, हे नक्की.

बारामतीत एका लॅबमध्ये मी रक्त काढते. आणि माझ्यासारखा हात या तालुक्यात दुसरा नाही. बढाई म्हणा हवं तर! तान्ह्या बाळाची शीर असो की सुकलेल्या म्हातारीची — एका टोचणीत काम. माझं सॅम्पल खराब म्हणून परत आलंय, असं कधी झालंच नव्हतं. त्याचा मला माज होता. माज हाच शब्द बरोबर आहे.

तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा अभ्यास चालू होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर पोटात लपून बसतो, कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. रक्तातल्या खुणांवरून तो आधीच ओळखता येईल का, हे ते तपासत होते. पन्नाशीनंतर अचानक साखर सुरू झालेली, वजन उतरलेली माणसं त्यांना हवी होती. रक्तात संशय आला तर पुण्याला बोलावून स्कॅन करणार. माझे थोरले चुलते, तात्या, यात नेमके बसत होते. मीच त्यांचं नाव दिलं.

पणदऱ्याला त्यांच्या शेतावर जाऊन सकाळी उपाशीपोटी रक्त काढलं. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून लगेच लॅबला न्यायच्या, असा नियम. पण सगळ्या उसात तात्या ज्वारीची एक पट्टी राखायचे, फक्त हुरड्यासाठी. "रक्त घेतलंस, आता तशीच उपाशी जातीस व्हय गं?" म्हणत त्यांनी आगटी पेटवलीच. साखरेमुळं स्वतः गुळाला हात लावला नाही, मला मात्र वाढत राहिले. उठवेना हो मला! आणि डबा? — डबा गाडीवर, उन्हात. झाकणही नीट लावलं नव्हतं. मग कच्च्या रस्त्यानं हिंदकळत घाईनं आले.

लॅबमध्ये नळी मशीनमध्ये फिरवली, तर वरचं पिवळं पाणी लालभडक. रक्त फुटलं होतं. सॅम्पल वाया.

परत जायला काय झालं होतं? काही नाही. तात्यांनी हसत हात पुढं केला असता. पण माझ्या नावापुढं 'सॅम्पल खराब' लागणार — ते मला नको होतं. मग मी — मी माझ्याच डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि माझं रक्त काढलं. एका टोचणीत. नळीवर तात्यांचं नाव चिकटवलं.

पुण्याहून बोलावणं आलं नाही. कसं येणार? तात्या गावभर सांगत सुटले, "आमच्या पोरीनं तपासलंय, काय बी न्हाय मला." पोटात दुखायचं, पाठीत कळ यायची, तरी डॉक्टरकडं गेले नाहीत — माझ्या भरवशावर. डोळे पिवळे झाले तेव्हा गेले. तोवर ऑपरेशनच्या पलीकडं गेलं होतं.

त्यांच्या रक्तात तेव्हा काही दिसलं असतं का? कुणीच सांगू शकत नाही. ते कळायची वाट मीच बंद केली.

शेवटी शेवटी ते दुसऱ्या कुणाला सुई लावू देत नव्हते. "हिच्या हातानं टोचतच न्हाय," नर्सला म्हणायचे आणि हात माझ्या पुढ्यात ठेवायचे. शिरा पार बसल्या होत्या, तरी मला सापडली. नळी भरली. त्या वेळी मात्र ते तात्यांचंच रक्त होतं.