वहिनीने निवडलेला माईक

दादाचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. "सुनंदा गेली," एवढंच तो म्हणाला. माझ्या वहिनीला जाऊन आता काही आठवडे झाले. तिचा आवाज मात्र त्याच्या कितीतरी आधी गेला होता, आणि मला राहून राहून आठवतात ते तो जाण्याआधीचे दिवस...

वहिनी अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवायची. सुट्टीत अंध मुलांसाठी दहावीचे धडे कॅसेटवर वाचून द्यायची. एकदा घसा बसला तो सुटेचना. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनची तारीखही दिली. नेमकं त्याच वर्षी पुस्तक बदललं होतं, जुन्या कॅसेटी बाद झाल्या होत्या. "तारीख पुढे ढकलणार नाही, पण तोवर पुस्तक पुरं करणार. घरीच," वहिनीने जाहीर केलं. दादा भडकला. "घसा सांभाळायचं सोडून हे काय?"

"सांभाळून कुणाला देऊ? काढणारच आहेत ना?"

कॉम्प्युटरवर पहिला धडा निम्मा वाचून झाला आणि लोडशेडिंगने वीज गेली. सगळं पुसलं गेलं. एवढं वाचूनच तिचा घसा दुखायला लागला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर लगेच मिळाला. अडलं ते माईकपाशी. दुकानदाराने सगळ्यात भारी माईक पुढे केला. "बहनजी, सुई गिरेगी तो भी सुनाई देगा." वहिनीने हेडफोन कानाला लावले आणि मला बोलायला सांगितलं. तिला माझ्या आवाजामागे दुकानाचा पंखा आणि रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू आल्या. "इसीलिए नहीं चाहिए," ती म्हणाली. "हमारे घर के नीचे आटा चक्की है." तोंडाजवळ धरायचा एक साधा माईक तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि तोच घेतला.

तेवढ्यात दादाने काउंटरवरचा व्हिडिओ कॅमेरा उचलला. "हाही घेऊ. चेहराही राहील."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "माझा चेहरा कुठे चाललाय?"

दादाने कॅमेरा खाली ठेवला... सामानाची पिशवी उचलून तो आमच्या पुढे चालू लागला.

मग आतल्या खोलीच्या खिडकीवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. ऐन उन्हाळ्यात वहिनी वाचायची, मी बटण दाबायची. ओळ बिघडली की ती हात वर करायची आणि पुन्हा सुरुवात. रोज आवाज थोडा जाड होत होता, रोज मी उरलेली पानं बोटाने चाचपायची. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी शेवटचा धडा राहिला होता, आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. नुसती हवा. खाली गिरणी धडधडत होती. मी म्हटलं, "वहिनी, राहू दे आता." तिने नकारार्थी मान हलवली. आणि अचानक गिरणी थांबली. गोधडी बाजूला सारून खिडकीतून पाहिलं तर दादा गिरणीवाल्यासमोर हात जोडून उभा होता. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. वहिनीने माईक ओठांना टेकवला आणि तो धडा कुजबुजत वाचला. पूर्ण.

ऑपरेशन झालं. आजार पुन्हा उलटेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. तिचा चालता-बोलता व्हिडिओ आमच्याकडे एकही नाही, आणि दादाने ते मला एकदा रागाने ऐकवलंही. मुलांकडे त्या धड्यांच्या सीड्या मात्र अजून फिरतायत.

गेल्या आठवड्यात अंबरनाथला गेले. दादा आतल्या खोलीत एकटाच धडे ऐकत बसला होता. मीही शेजारी बसले. धडा संपला. बटण बंद करायला मी तेव्हा जरासा उशीर केला असणार, कारण पुढे वहिनीचा दमलेला आवाज आला, "अहो, जरा पाणी देता का?"

दादा उठला होता. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन तो थांबला. मग आत गेला, आणि माठातून पाणी घेतल्याचा आवाज मला ऐकू आला.